खालची खबर

पाठीच्या कण्याला मार बसून हातपाय लुळे पडले, तर गेलेल्यातले काय परत हवे असते? आपल्यासारखे चालते-फिरते लोक विचारही न करता सांगतील, चालणे. किम अँडरसन या अमेरिकी संशोधिकेने हा प्रश्न ज्यांचा आहे त्यांनाच विचारला. त्या स्वतः व्हीलचेअर वापरतात, त्यामुळे काय विचारायचे आणि कोणत्या शब्दांत, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. २००४ साली त्यांनी ६८१ जणांची उत्तरे प्रसिद्ध केली. मानेखाली अधू झालेल्यांनी पहिली पसंती हाताला दिली. कमरेखाली अधू झालेल्यांनी पहिली पसंती कामजीवनाला दिली. आणि दोन्ही गटांच्या यादीत एक गोष्ट बरीच वर होती, जिचे फोटो कधी छापून येत नाहीत: लघवी आणि शौचावरचा ताबा. चालणे यादीत होते, पण सर्वांत वर नव्हते.

ही यादी जरा बारकाईने पाहिली तर तिच्यात हालचालीइतकीच मागणी दुसऱ्या एका गोष्टीची आहे. हातात धरलेला पेला घट्ट धरलाय की निसटतोय हे कळणे. स्पर्श कळणे. लघवीची पिशवी भरली आहे हे कळणे. मेंदूला जोडलेल्या यंत्रांबद्दल गेल्या वीस वर्षांत जे लिहिले गेले, त्यातले बहुतेक वरून खाली जाणाऱ्या हुकमांबद्दल आहे. खालून वर जाणाऱ्या खबरीबद्दल फार थोडे. माझ्या मते गाडी अडली आहे ती तिथेच.

व्हिएन्नातले शल्यविशारद ऑस्कर आझमान यांच्या गटाने २०१७ साली माणसाच्या हाताकडे जाणाऱ्या नसांतले तंतू मोजले. अवयवदात्यांच्या नसांचे काप घेऊन, हुकूम नेणारे तंतू वेगळे ओळखता येतील असे रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली केलेली ही मोजणी होती. एका हाताला किमान साडेतीन लाख तंतू. त्यांतले स्नायूंना हुकूम देणारे फार तर १० टक्के. बाकीचे ९० टक्के फक्त वर कळवण्यासाठी. आपण हाताला काम करणारा अवयव समजतो. नसांचा हिशेब पाहिला तर तो आधी चाचपणारा अवयव ठरतो.

या ९० टक्क्यांची किंमत इयन वॉटरमन यांच्याइतकी कुणी मोजली नसेल. १९७१ साली ते १९ वर्षांचे होते आणि जर्सी बेटावर खाटकाच्या दुकानात काम करत होते. विषाणूचा ताप आला आणि उतरला, पण त्यानंतर शरीराच्याच रोगप्रतिकारक यंत्रणेने मानेखालचे सगळे जाड संवेदी तंतू निकामी केले. वेदना आणि ऊन-गार त्यांना कळत असे, कारण ते नेणारे बारीक तंतू वाचले होते. हुकूम नेणारे तंतूही धड होते, म्हणजे लकवा असा नव्हताच. तरीही त्यांना बसता येईना. हात हलवायचा म्हटले की तो भलतीकडेच जाई, कारण तो आधी कुठे होता याचाच पत्ता नव्हता. पुढे ते एकेक हालचाल डोळ्यांनी पाहून, मनात आखून शिकले आणि चालायलाही लागले. पण खोलीतला दिवा गेला की ते कोसळत. न्यूरोफिजिऑलॉजिस्ट जोनाथन कोल यांनी त्यांच्यावर १९९१ साली पुस्तक लिहिले. स्नायू, नसा, मेंदू सगळे जागेवर असताना फक्त खालची खबर थांबली तर काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण वैद्यकात दुसरे सापडणे कठीण.

म्हणूनच यंत्राने हलणारा पाय किंवा हात ‘चालतो’ असे म्हणताना जरा थांबावे लागते. स्नायूला विजेचा झटका देऊन आकसायला लावणे जुने तंत्र आहे. पण गुडघा आत्ता किती वाकलाय, पाऊल टेकले की अधांतरी आहे, हे यंत्राला कुणी सांगायचे? बाहेरून सेन्सर बांधता येतात. ते रोज सकाळी बांधावे लागतात, घसरतात, चार्ज करावे लागतात. आणि शरीराने तर हेच सेन्सर आधीच बसवून दिलेले आहेत, प्रत्येक स्नायूत, सांध्यात, कातडीत. कणा मध्येच चिरडला गेला तरी त्याखालचे हे सगळे जिवंत असते आणि कळवत राहते. ऐकणाऱ्यापर्यंत ते पोचत नाही, एवढेच.

ऐकायचे कुठे, याचे उत्तर शरीररचनेने दोनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. मज्जारज्जू प्रौढ माणसात साधारण ४५ सेंटिमीटर लांब आणि सेंटिमीटरभर जाड. त्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात आणि प्रत्येक नसेला रज्जूजवळ दोन मुळे असतात, एक पुढचे आणि एक मागचे. लंडनमध्ये चार्ल्स बेल यांनी १८११ साली आणि पॅरिसमध्ये फ्रान्स्वा माजांदी यांनी १८२२ साली या मुळांवर प्रयोग केले. पुढचे मूळ हालचालीचे, मागचे संवेदनेचे, हे त्यातून ठरले, आणि श्रेय कुणाचे यावरून भांडणही झाले. शरीरात इतरत्र जवळजवळ प्रत्येक मोठ्या नसेत येणारे आणि जाणारे तंतू एकमेकांत मिसळलेले असतात. मागच्या मुळात मात्र फक्त येणारे. त्या मुळावर, मणक्यांच्या फटीत, एक फुगवटा असतो. त्याला डॉर्सल रूट गँग्लिअन म्हणतात. मानेखालच्या कातडी, स्नायू आणि सांध्यांतून खबर आणणाऱ्या प्रत्येक तंतूची पेशी या गाठींपैकी एकीत बसलेली असते. तिचा एक फाटा पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो आणि दुसरा मज्जारज्जूत शिरून, स्पर्शाचा असेल तर थेट मेंदूच्या बुंध्यापर्यंत चढतो. उंच माणसात अशी एक पेशी दीड मीटरहून लांब भरते.

आणि ती पाठवते काय? हे शोधणारा प्रयोग अपघातानेच हाती लागला. केंब्रिजमध्ये एडगर एड्रियन १९२५च्या सुमारास बेडकाच्या पायाच्या नसेवर काम करत होते. नव्यानेच उपलब्ध झालेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर त्यांनी जोडला होता. नसेला काहीही डिवचलेले नसताना उपकरणावर सतत थरथर दिसू लागली. आधी ती यंत्राची खोट वाटली. मग लक्षात आले की स्नायू अधांतरी लोंबत असला की थरथर दिसते, आणि त्याला काचेवर टेकवला की थांबते. स्वतःच्याच वजनाने ताणला गेलेला स्नायू ‘मी ताणलोय’ असे कळवत होता. पुढच्या वर्षी स्वीडनहून आलेल्या इंग्वे झॉटरमन यांच्याबरोबर त्यांनी स्नायूची चिरफाड करत करत एकच संवेदी तंतू कामावर राहील अशी स्थिती आणली आणि स्नायूला वजने टांगली. वजन वाढवले तरी एकेका ठोक्याची उंची तीच. सेकंदाला पडणारे ठोके मात्र वाढले. वजन तसेच ठेवले तर ठोके हळूहळू विरळ झाले. १९३२ साली एड्रियन यांना चार्ल्स शेरिंग्टन यांच्याबरोबर नोबेल मिळाले. आज मज्जारज्जूशेजारी इलेक्ट्रोड बसवून जे वाचले जाते, त्याची लिपी याच प्रयोगातली आहे: ठोके किती, आणि ते किती घाईने येतात.

या विद्येत एक भारतीय नाव ठळक आहे आणि ते आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. ऑतार सिंग पैंटल. एडिंबरात १९५०च्या दशकात मांजराच्या व्हेगस नसेतला एकेक तंतू सोडवून त्यांनी हृदय, जठर, फुफ्फुस यांतून वर जाणारे ठोके टिपले. जठर ताणले गेल्याचे कळवणारे तंतू त्यांनी दाखवले. फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांजवळचे, धाप लागल्याचे कळवणारे ‘जे रिसेप्टर’ हा त्यांचाच शोध. पुढे ते दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे महासंचालक झाले. पोटातल्या अवयवांनाही बोलता येते आणि त्यांचे बोलणे तंतूतंतूने वेगळे ऐकता येते, हे पैंटल यांच्या पिढीने दाखवून दिले. ही गोष्ट पुढे मूत्राशयाच्या वेळी कामाला येते.

पण एकेक तंतू सोडवायचा तर जनावर भूल दिलेले, आडवे हवे. चालणाऱ्या प्राण्याचे काय? १९७६ साली आर्थर प्रोचाझ्का यांनी मांजराच्या मागच्या मुळांत केसाइतक्या बारीक तारा सोडून, मांजर मोकळे हिंडत असताना एकेका तंतूचे ठोके नोंदवले. पण एका वेळी एक तंतू, फार तर दोन. एका तंतूवरून पाय कुठे आहे हे कळत नाही.

ती अडचण सुटली कॅनडातल्या एडमंटनमध्ये, अल्बर्टा विद्यापीठात. प्रोचाझ्का तोवर तिकडे गेले होते. रिचर्ड स्टाइन तिथे होतेच. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचे रिचर्ड नॉर्मन यांनी अंधांसाठी, मेंदूच्या दृष्टिकेंद्रात रोवायला म्हणून सिलिकॉनची एक चकती बनवली होती: चार मिलिमीटर बाजूचा चौकोन, त्यावर दहाच्या दहा रांगांत शंभर सुया, दिसायला केसांचा ब्रश. ती दृष्टिकेंद्रात न रोवता मांजराच्या पायाच्या गँग्लिअनमध्ये रोवली तर? २००४ साली स्टाइन, डग्लस वेबर आणि सहकाऱ्यांनी हे छापले. एकाच वेळी अनेक पेशी ऐकू येत होत्या. भूल दिलेल्या मांजराचा पाय यंत्राने इकडून तिकडे हलवायचा आणि पेशी काय म्हणतात ते टिपायचे.

यातले ‘वाचणे’ म्हणजे नेमके काय होते ते सांगायला हवे, कारण इथे जादू काहीच नाही. प्रत्येक सुई सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज मोजते. त्या वेड्यावाकड्या रेषेतून ठोके वेचायचे. एका सुईला दोन-तीन पेशी ऐकू येत असतील तर ठोक्याच्या आकारावरून कोणता कुणाचा हे ठरवायचे. मग प्रत्येक पेशीचा वेग, म्हणजे सेकंदाला ठोके किती, काढायचा. दुसरीकडे पायाच्या सांध्यांवर खुणा लावून पाय खरोखर कुठे आहे हे मोजायचे. दोन्ही शेजारी ठेवले की प्रश्न शाळेतल्या गणिताचा होतो: प्रत्येक पेशीच्या वेगाला कोणत्या आकड्याने गुणले आणि सगळ्यांची बेरीज केली, तर पायाची जागा मिळते? ते आकडे अर्ध्या नोंदींवरून काढायचे आणि उरलेल्या अर्ध्यांवर तपासायचे. थोड्याच चांगल्या पेशी निवडल्या तरी पावलाची जागा बऱ्यापैकी अचूक निघत होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत वेबर यांनी हेच ट्रेडमिलवर चालणाऱ्या, जाग्या मांजरांत करून दाखवले.

मेंदूत अशाच सुया रोवणाऱ्यांना हे वाचून हेवा वाटावा. मेंदूतली पेशी हातही सांगते, लक्षही, हेतूही, थकवाही. स्नायूतला ताणग्राहक बिचारा त्या मानाने सरळ आहे: स्नायू किती लांब, आणि किती वेगाने लांबतोय. कातडीतला तर त्याहून सरळ. खबर मेंदूच्या वाटेला लागण्याआधी, तिच्यात कुणाचे मत मिसळण्याआधी, ती मुळाशी पकडण्यात हाच फायदा.

अगदी सरळ मात्र तीही नाही. स्नायूतल्या ताणग्राहकाला स्वतःचा वेगळा हुकूमतंतू असतो. त्यातून मज्जारज्जू त्याचा कान कमी-जास्त तीक्ष्ण करत असतो, त्यामुळे तेवढ्याच ताणाला आज वीस ठोके तर उद्या चाळीस. शिवाय तोच गुडघा वाकत असताना आणि सरळ होत असताना, एकाच कोनात, ठोके वेगळे पडतात. म्हणून नुसत्या बेरजेवर थांबून भागत नाही. पाय आत्ताच कुठे होता, त्यावरून तो आता कुठे असू शकतो याचा अंदाज बांधायचा, मग ठोक्यांनी तो दुरुस्त करायचा, अशी पद्धत वापरतात. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली मांडलेले हे गणित चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांनी आपली दिशा काढायला वापरले होते. मांजराच्या पायाला तेच उपयोगी पडते.

२०१३ साली अल्बर्टातच होलिन्स्की, मुशाहवार, स्टाइन आदींनी वर्तुळ पुरे केले. भूल दिलेल्या मांजराच्या मज्जारज्जूत बारीक तारा घालून पाय चालवायचे आणि कोणत्या क्षणी कोणता स्नायू थांबवायचा हे गँग्लिअनमधल्या ठोक्यांवरून ठरवायचे. बाहेरचा एकही सेन्सर नाही. पायाने स्वतःबद्दल सांगितले आणि यंत्राने ते मानले. वर्तमानपत्रांत याची बातमी कुठे दिसली नाही, कारण चालत होते ते मांजर, आणि तेही बेशुद्ध. या साऱ्या ज्ञानाखाली किती मांजरे आहेत याचा विचार मनात येतो आणि तो टाळू नये असे वाटते.

माणसाच्या बाबतीत खालच्या खबरीचा धडा मिळाला तो उलट्या वाटेने. स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे ग्रेग्वार कुर्तीन यांचा गट मज्जारज्जूच्या पाठीमागे इलेक्ट्रोडची पट्टी बसवून अधू माणसांना उभे करतो, चालवतो. चालण्याची जी दृश्ये आपण पाहिली त्यांतली बरीच तिथली. वीज थेट स्नायूंच्या पेशींना लागत असेल असे वाटते, पण ती लागते मागच्या मुळांतल्या संवेदी तंतूंना. त्यांच्यामार्फत मज्जारज्जू जागा होतो. उंदरांत सतत वीज दिली की ते चालत. माणसांत तसे होईना. २०१८ साली एमान्युएले फॉर्मेंतो, मार्को कापोग्रोसो आणि कुर्तीन यांनी कारण दाखवले. वीज लागलेला संवेदी तंतू दोन्ही दिशांना ठोका सोडतो, एक मज्जारज्जूकडे आणि एक उलटा पायाकडे. पायाकडून येणारा खरा ठोका या उलट्या ठोक्याला मध्ये धडकला की दोन्ही विझतात. उंदराची नस आखूड, धडक क्वचित. माणसाची नस लांब. वाटेत एवढा वेळ जातो की खरी खबर बहुतेक मारलीच जाते. गुडघा यंत्राने हळूच हलवून तो वर गेला की खाली असे विचारले, तर पट्टी चालू असताना रुग्णांना सांगता येईना. चालवण्यासाठी दिलेली वीज त्यांना पायांपासून तोडत होती. उपाय म्हणून वीज सतत न देता, पावलापावलाला लागेल तिथे, लागेल तेव्हाच द्यायची असे ठरले. त्याच वर्षी लोझानमधून जे चालून दाखवले गेले ते या पद्धतीने.

आता पिशवीकडे येऊ.

पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेल्या सैनिकांपैकी बहुसंख्य पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत मरत, आणि मरत ते गोळीने नव्हे. तुंबलेल्या लघवीतून मूत्रपिंडापर्यंत चढलेल्या जंतूंनी आणि पाठीवर पडलेल्या बेडसोअरनी. दोन्हींचे मूळ एकच, कळत नाही. लुटविग गुटमान यांनी १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलला कण्याच्या रुग्णांचा विभाग उघडला, दर दोन तासांनी कुशीवर वळवणे आणि मूत्राशय नियमित रिकामे करणे हा धर्म केला, आणि माणसे जगू लागली. त्यांनीच तिथे भरवलेल्या खेळांतून पॅरालिम्पिक उभे राहिले. १९६५च्या युद्धात पाठीत गोळी घेऊन आलेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकले ते याच खेळांत. दोन वर्षांनी पुण्यात खडकीला जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झाले.

१९७२ सालीच मिशिगन विद्यापीठाचे मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी सांगितले की रुग्णाने स्वतःच, धुतलेल्या हाताने, दिवसातून काही वेळा कॅथेटर घालून लघवी काढावी. निर्जंतुक खोलीची गरज नाही. त्यांच्यावर टीका झाली, पण आज जगभर तीच पद्धत आहे. आपल्याकडे तोच कॅथेटर धुऊन पुन्हा पुन्हा वापरणारी घरे पुष्कळ आहेत, कारण रोज चार-पाच नवे कुणाला परवडणार? ही पद्धत घड्याळावर चालते. दर चार तासांनी, भरली असो वा नसो. एखाद्या दिवशी ताक जास्त झाले, गाडी वाटेत अडकली, की घड्याळ चुकते. छातीच्या मध्यापासून वर मार बसलेल्यांत तर भरलेली पिशवी रक्तदाब अचानक भयंकर चढवू शकते. डोके फुटेल असे दुखते, घाम फुटतो, वेळेत रिकामी केली नाही तर जिवावर बेतते.

यावर यंत्राचा पहिला इलाज जाइल्स ब्रिंडली यांचा. हे गृहस्थ म्हणजे एक स्वतंत्र लेख आहे. अंधांच्या मेंदूत १९६८ साली इलेक्ट्रोड बसवून प्रकाशाचे ठिपके दाखवले ते यांनी, आणि ‘लॉजिकल बसून’ नावाचे विजेचे वाद्य बनवले तेही यांनीच. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी कमरेखालच्या पुढच्या मुळांवर इलेक्ट्रोड बसवले. रुग्णाने पोटावर ट्रान्समीटर धरून बटण दाबले की मूत्राशय आकसते. दोन हजारांहून अधिक लोकांत हे यंत्र बसले आणि कित्येकांचे कॅथेटर सुटले. पण त्याबरोबर एक शस्त्रक्रिया करावी लागे: त्याच पातळीवरची मागची मुळे कापून टाकायची. कारण मेंदूपासून तुटलेला मज्जारज्जू पिशवी जराशी भरली की ती खबर ऐकून पिशवीला आपल्या आपण एकाएकी आकसायला लावतो, कपडे ओले होतात. खबर आणणारी वाटच तोडली की हा त्रास थांबतो. त्याबरोबर थोडीफार उरलेली संवेदना जाते आणि पुरुषांतली आपोआप येणारी ताठरताही जाते. अँडरसन यांची यादी समोर ठेवली तर हा सौदा किती जड आहे ते कळते. पुष्कळांनी त्यापायी नकार दिला.

म्हणून केंब्रिजमधून जेम्स फॉसेट यांच्या गटाने २०१३ साली उंदरांत केलेले काम मला या सगळ्या विषयातले सर्वांत नेटके वाटते. त्यांनी मागची मुळे टाकून दिली नाहीत. ती बारीक धाग्यांत सोडवली आणि सिलिकोनच्या मऊ तुकड्यातल्या सूक्ष्म नळ्यांतून ओवली. नळीच्या आत इलेक्ट्रोड. एवढ्या अरुंद जागेत तंतूचा क्षीण ठोकाही मोठा ऐकू येतो. पिशवी भरत आली की धागे बोलतात. यंत्र ते ऐकते, नको तेव्हाचे आकसणे विजेने अडवते आणि वेळ आली की पुढच्या मुळांतून पिशवी रिकामी करवते. ब्रिंडली यांना जी खबर तोडावी लागली, तीच इथे यंत्राला कामाला लावली.

मिशिगनमध्ये टिम ब्रन्स यांचा गट तेच मांजराच्या माकडहाडाजवळच्या गँग्लिअनमध्ये करतो आणि काल्मनच्याच गणिताने पिशवीतला दाब क्षणोक्षणी सांगतो. ब्रन्स आधी पिट्सबर्गला वेबर यांच्याबरोबर होते; पायाचे शिक्षण पिशवीला असे मिळाले. यात एक पेच आहे. निरोगी मूत्राशय भरत असताना सैल होत जाते, म्हणून बराच वेळ आतला दाब जवळजवळ वाढत नाही आणि तंतूही गप्प असतात. म्हणजे ‘अर्धी भरली’ हे वाचणे कठीण आहे. ‘आता आकसू लागली’ हे वाचणे त्या मानाने सोपे, आणि उपयोग त्याचाच जास्त.

पाय आणि पिशवी यांची ही जवळीक नुसती प्रयोगशाळेतली नाही. ताण ओळखणारे पिएझो प्रथिन आर्देम पातापूटियन यांनी २०१० साली शोधले. त्यासाठी २०२१ साली त्यांना नोबेल मिळाले. त्या कुळातले पिएझो-२ जन्मतः नसलेली काही माणसे अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तपासली. डोळे बांधले की त्यांना हात कुठे आहे सांगता येत नाही, आणि २०२०च्या अभ्यासात दिसले की पिशवी भरल्याचेही त्यांना धड कळत नाही. घड्याळ पाहून ती जातात. कणा शाबूत असूनसुद्धा.

मग हे माणसांत अजून का नाही? सुया हे पहिले कारण. गँग्लिअन मणक्यांच्या फटीत असते आणि माणूस वाकला की तेही सरकते. ताठ सिलिकॉनभोवती व्रण धरतो आणि काही आठवड्यांत पेशी ऐकू येईनाशा होतात. मिशिगनमध्ये आता गाठीवर नुसती गुंडाळता येईल अशी पातळ, लवचीक पट्टी वापरून पाहतात. वाट मात्र अनोळखी राहिलेली नाही: गँग्लिअनला वीज देऊन हट्टी वेदना शमवणारे यंत्र अमेरिकेत २०१६ सालीच मान्य झाले, त्यामुळे सुईने तिथवर तार नेणारे हात तयार आहेत.

आणि ऐकण्याची सुरुवातही झाली आहे, भलत्याच दारातून. वेदनेसाठी मज्जारज्जूला वीज देणे १९६७ सालापासून चालू आहे. पण रुग्ण खोकला, वळला की तारेचे आणि रज्जूचे अंतर बदलते. वीज कधी झटका देते, कधी पुरतच नाही. ऑस्ट्रेलियातल्या सलूडा कंपनीचे यंत्र प्रत्येक झटक्यानंतर संवेदी तंतूंनी दिलेले उत्तर मोजते आणि पुढचा झटका त्यानुसार बदलते. अमेरिकेत त्याला २०२२ साली परवानगी मिळाली. ते हजारो तंतूंचा एकत्र गलबला ऐकते, एकेकाचे बोलणे नव्हे. तरी माणसाच्या मज्जारज्जूतून संवेदी सिग्नल वाचून त्यावर वागणारे यंत्र रोजच्या वापरात आले आहे. पिट्सबर्गमध्ये याच प्रकारच्या तारा वापरून हात गेलेल्या चौघांना, नसलेल्या हातात आणि बोटांत स्पर्श जाणवून देण्यात आला; तो निष्कर्ष २०२०चा.

दुसरे कारण बाजार. ब्रिंडली यांचे यंत्र अमेरिकेत क्लीव्हलंडची न्यूरोकंट्रोल ही कंपनी विकत असे. हात उघडमीट करवणारे ‘फ्रीहँड’ही तिचेच. दोन्हींना १९९०च्या दशकाच्या अखेरीस परवानगी मिळाली, दोन्ही चांगली चालत होती, आणि २००१ साली कंपनीने गाशा गुंडाळला. ग्राहक थोडे आणि विमा कंपन्या नाखूश. यंत्रे लोकांच्या शरीरात होती, सुटे भाग कुणाकडे मागायचे हा प्रश्न त्यांचा त्यांच्याकडे राहिला. इंग्लंडमधली फाइनटेक मेडिकल मात्र ब्रिंडली यांचे यंत्र पुढेही बनवत राहिली. त्यात ऐकण्याची सोय नाही. पोटावर ट्रान्समीटर धरून बटण दाबायची वेळ झाली का, हे ते वापरणारा घड्याळात पाहून ठरवतो.